कर्णा : घसा लहान, तोंड मोठं

गावात दवंडी कोण द्यायचा? महार द्यायचा. मयताचा सांगावा घेऊन परगावी उन्हातान्हात कोण पळायचा? तोही महारच. म्हणजे लाऊडस्पीकर नावाची वस्तू या देशात यायच्या कितीतरी आधीपासून आमच्या आज्या-पणज्याचा घसा हाच गावाचा लाऊडस्पीकर होता. आवाज आमचा, मजकूर पाटलाचा. 1958 च्या कायद्यानं मुंबई राज्यातली कनिष्ठ वतनं गेली, तेव्हा कुठं हा घसा कागदोपत्री मोकळा झाला.

म्हणून कर्ण्याचा इतिहास आपण वाचला पाहिजे. तो नुसता रेडिओवाल्यांचा विषय नाही.

आधी कर्णा करतो काय ते बघू. शेताच्या बांधावरून हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही पंजे धरतो. हाच पहिला कर्णा. हवा फार हलकी चीज. उघडा पडदा हवेत हलला की हवा बाजूला सटकते. पडद्याची मेहनत वाया. अंधारात मारलेली बुक्की जशी. पण पडद्यासमोर अरुंद घसा ठेवला की हवेला सटकायला जागा उरत नाही. ती दाब घेते. मग तोच दाब हळूहळू रुंदावत मोठ्या तोंडातून बाहेर सोडायचा. फुटभर पुढं गेल्यावर पोकळी दुप्पट होत असेल, तर पुढच्या फुटाला पुन्हा दुप्पट : एक, दोन, चार, आठ. झालं शास्त्र. कर्णा स्वतः ताकद तयार करत नाही. असलेली वाया जाऊ देत नाही. उघडा स्पीकर विजेच्या शंभर भागांतला एखाददुसरा भागच आवाजात बदलतो. चांगला कर्णा त्याच शंभरातून वीस-तीस भाग काढतो.

एक अट आहे. आवाज जेवढा खर्जातला, तेवढं कर्ण्याचं तोंड मोठं लागतं. सेकंदाला 32 कंपनं असलेल्या सुराची एक लाट पावणेअकरा मीटर लांब असते. तोंडाचा घेर जवळपास तेवढा हवा. खोली दहा बाय बाराची, आणि लाट खोलीपेक्षा लांब! घरी कर्णा बांधणाऱ्या प्रत्येकाची लढाई इथंच सुरू होते.

कॅलिफोर्नियातल्या नापा गावात प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनी एका लहान घरात प्रयोगशाळा थाटली. लोहचुंबकात तारेचं वेटोळं हलवून त्यांनी पडदा हलवला आणि त्यावर ग्रामोफोनचा कर्णा चढवला. 24 डिसेंबर 1915 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर अफाट गर्दीला त्यांनी यंत्रातून गाणं ऐकवलं. 1919 च्या सप्टेंबरात सॅन दिएगोत अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन याच कर्ण्यांतून सुमारे पन्नास हजार माणसांशी बोलला. जगाच्या शांततेवर बोलला. याच विल्सनच्या राजवटीत 1913 पासून सरकारी कचेऱ्यांत काळ्या नोकरांना वेगळं बसवलं जात होतं. कर्णा फक्त मोठं करतो. खरं करत नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, 31 जानेवारी 1920 ला, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. तिकडं आधीच बोलणाऱ्याला कर्णा मिळाला. इकडं मुक्यांना कागद मिळाला. दोन्ही तारखा शेजारी लिहून ठेवा.

1919 मध्येच वेबस्टर नावाच्या शास्त्रज्ञानं कर्ण्याचं गणित मांडलं. 1926 ला बोलपट येऊ लागले आणि थिएटरांतून पडद्यामागं प्रचंड कर्णे उभे राहिले, कारण तेव्हा यंत्रात वॉट होते मोजके आणि प्रेक्षक हजारो. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये डेनमन नावाच्या माणसानं 27 फूट लांब कर्णा बांधला. चौकोनी तोंड सात फुटांहून जास्त. 1930 पासून लोक तो ऐकायला येत. 1949 ला इमारतीच्या पाडकामात तो मोडला. 2014 ला पुन्हा बांधला गेला.

घरात कर्णा बसवायची युक्ती क्लिप्श या अमेरिकन इंजिनियरनं काढली. त्यानं कर्णा घडी घालून कोपऱ्यात ठेवला आणि घराच्या दोन भिंतींनाच कर्ण्याचं तोंड केलं. 1946 पासून ते विकायला लागले. पुढं 1954 मध्ये लहान बंद पेटीचे स्पीकर निघाले, मग ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले. कर्णा घरातून गेला. हौशी लोक मात्र सुतारकाम करतच राहिले. जपानात तर काहींनी घर बांधतानाच काँक्रीटचा कर्णा भिंतीत ओतून घेतला. पैसेवाल्यांचं ठीक आहे.

मला त्याहून मोठी वाटते ती जमैकाची गोष्ट. तिथले काळे लोक गुलामांचे वंशज. क्लबातला बँड, रेडिओचा सेट, दोन्ही गरिबांच्या आवाक्याबाहेर. हेडली जोन्स हा महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलात रडारचं काम शिकून आलेला माणूस. किंग्स्टनला परतून त्यानं 1940 नंतरच्या दशकाअखेरीस स्वतः अँप्लिफायर आणि कपाटाएवढ्या पेट्या बांधल्या. टॉम वाँगनं त्या रस्त्यावर, अंगणात लावल्या. यालाच 'साउंड सिस्टिम' म्हणतात. पुढं ही माणसं पोटासाठी इंग्लंडला गेली. कातडीचा रंग बघून दारं बंद झाली. मग त्यांनी तळघरात नाच भरवले आणि पेट्या पुन्हा स्वतःच्या हातानं ठोकल्या. प्लायवुडच्या पेटीत स्पीकरच्या पाठीमागचा आवाज वळवून पुढच्या मोठ्या तोंडातून काढायचा, म्हणजे घडी घातलेला कर्णाच. फळी पातळ पडली की फळीच थरथरते आणि आवाज खाते. म्हणून आतून आडवे टेकू. जोडात फट राहिली की वारा शिट्टी मारतो. म्हणून सरस. हे त्यांना कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. ज्याला कोणी ऐकत नव्हतं, त्यानं सुतारकाम शिकून स्वतःला ऐकवलं.

आता आपल्याकडं या.

चौदा एप्रिलला आपल्या वस्त्यांतून पेट्यांच्या भिंती उभ्या राहतात. वर्गणी पोरांची, हमाली पोरांची, भाडं मालकाचं. छाती हादरते, खिडक्या हादरतात, म्हाताऱ्या कानात बोटं घालून बसतात. शब्द एक कळत नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात उभा असतो, सुटी झाली तरी कान वाजत राहतात. आवाज आणि बोलणं यातला फरक मला पाळीगणिक कळतो. ज्या माणसानं आम्हाला वाक्य दिलं, त्याच्या जयंतीला आम्ही नुसता दणका वाजवायचा?

मी जयंतीच्या विरोधात नाही. पोरांनी नाचावं. एवढ्या शतकांचं वाकलेलं अंग आहे, मोकळं होऊ द्या. पण भाड्याच्या भिंतीऐवजी वस्तीतल्या एका सुतारानं, एका वायरमननं, चार पोरांनी मिळून एक कर्णा बांधून बघावा. गणित अवघड नाही. दुप्पट-दुप्पट कुणालाही येतं. आणि बांधून झाला की पहिल्यांदा त्यातून एक माणूस बोलू द्यावा, सावकाश, शेवटच्या घरातल्या म्हातारीला कळेल असा.

आजा दुसऱ्याचा मजकूर ओरडत मेला. आता कर्णाही आपला, मजकूरही आपला. मग नेमकं म्हणायचं काय, ते आधी ठरवा रे.