पडद्यावरून उतरलेली नावे

मुसलमान कलावंतांचा विषय निघाला की आपल्या बैठकीत तीच ती नावे घेतली जातात. युसुफखान ऊर्फ दिलीपकुमार, मधुबाला, मीनाकुमारी, मोहम्मद रफी. ही नावे मोठीच आहेत. पण या मोठ्या नावांच्या सावलीत किती माणसे उभी होती आणि त्यांतली किती या महाराष्ट्राच्या मातीत काम करून गेली, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणारे त्यांना हिंदीत ढकलतात, उर्दूवाले त्यांना मराठी म्हणून बाजूला ठेवतात. मराठी मुसलमानाची जी गत समाजात झाली, तीच त्याच्या कलावंतांची इतिहासात झाली.

आरंभापासूनच पाहू. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि हिंदुस्थानी पडदा बोलू लागला. त्यात पहिले गाणे गायले ते फकिराच्या वेषातल्या डब्ल्यू. एम. खान यांनी. या देशातल्या चित्रपटगीताचा पहिला आवाज त्यांचा. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही, आणि ज्या आवाजाने सारे सुरू झाले तो आवाजही ऐकायला मिळत नाही. याच चित्रपटाचे नायक होते मास्टर विठ्ठल, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीत वाढलेले मराठी नट. आधीच्या कंपनीने करारावरून त्यांना कोर्टात खेचले, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर महंमदअली जीनांनी, आणि खटला जिंकून दिला. मराठी नट, पारशी निर्माता, मुसलमान वकील आणि मुसलमान गायक! आपल्या बोलपटाचा पाळणा असा चार हातांनी हलला. पुढे विठ्ठलही लहानसहान भूमिकांत विरून गेले.

दहा वर्षांनी, 1941 साली, पुण्याच्या प्रभात कंपनीने विश्राम बेडेकरांच्या कथेवर मराठीत 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. दोन जिवलग मित्र, एक हिंदू, एक मुसलमान. गावात धरण बांधू पाहणारा भांडवलदार त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे मित्र एकमेकांचा हात धरून मरण पत्करतात. मराठीत जिवा पाटील झाले केशवराव दाते. हिंदीत तोच हिंदू ठाकूर उभा केला मझहर खान यांनी. आणि दोन्ही भाषांत मुसलमान मिर्झा साकारला तो गजानन जागीरदार यांनी. पाकिस्तानच्या ठरावाला जेमतेम वर्ष झालेले, आणि प्रभातने मुसलमान नटाला हिंदूची पगडी दिली, हिंदू नटाला मिर्झाची दाढी. ही केवळ पात्रांची वाटणी नव्हती, तो एक विचार होता.

जागीरदारांचे नाव मराठी रसिकांना ठाऊक आहे. मझहर खान यांचे किती जणांना? मूकपटांपासून काम केलेला हा माणूस पुढे दिग्दर्शक झाला. 1945 सालचा त्यांचा 'पहली नजर' मुकेश यांच्या आवाजामुळे लक्षात राहिला, दिग्दर्शक मात्र विस्मरणात गेला.

स्त्रियांची कहाणी आणखी अवघड. गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या आणि त्यांच्यासोबत रंगमंचावर उभ्या राहिल्या. पण आपल्याकडे त्यांच्या गाण्यापेक्षा त्या नात्याचीच चर्चा अधिक झाली. त्यांच्या भगिनी अमीरबाई यांनी 1943 च्या 'किस्मत'मधील गाण्यांनी घराघरांत प्रवेश केला. आज जुन्या तबकड्या जपणारे सोडले तर त्यांचे नाव कोण घेतो?

आणि आपले शाहीर अमर शेख! बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. 1916 चा जन्म. गिरणी कामगारांत वावरले, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने पेटवली. डफावरची थाप सर्वांना आठवते. पण 1961 च्या 'प्रपंच'मध्ये, गरिबीने पिचलेल्या कुंभार कुटुंबाच्या कथेत, सुलोचनाबाईंसोबत त्यांनी केलेला अभिनय किती जणांच्या स्मरणात आहे? एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी पडद्यासाठी अनेकांनी नावे बदलली आणि त्यात आपली ओळख झाकली. मेहबूबनेही नाव बदलले, पण 'अमर'च्या पुढे 'शेख' ठेवले. ते नाव घेऊनच ते मराठी जनतेसमोर गेले आणि जनतेने त्यांना डोक्यावर घेतले. 1969 साली त्यांचे निधन झाले.

हा विषय आम्हाला का महत्त्वाचा वाटतो, हेही सांगितले पाहिजे. भंडारा जिल्ह्यातील आमचा कोंढा हा झाडीपट्टीचा मुलूख. धान निघाले, भाऊबीज झाली की येथे मंडया भरतात आणि रात्रभर नाटके रंगतात. वडसा ही त्या नाटकमंडळ्यांची पेठ. दंडार आणि खडी गंमत हे आणखी जुने प्रकार. पूर्वेला थोडे गेले की छत्तीसगडचा नाचा सुरू होतो. त्याच नाच्यातल्या खेडुतांना जगासमोर नेले हबीब तन्वीर यांनी. ते रायपूरचे, पण बी. ए. झाले नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. 1975 साली श्याम बेनेगल यांनी 'चरणदास चोर' पडद्यावर आणला. तो स्मिता पाटील यांचा पहिला चित्रपट म्हणून सांगितला जातो. पण त्यातला चरणदास होता लालूराम, नाच्यातला कलावंत. स्मिताबाईंचे नाव उरले ते योग्यच, पण लालूरामचे का उरू नये?

झाडीपट्टीचे डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले. आनंदाची गोष्ट आहे. पण एका सन्मानाने शेकडो नावे वाचत नाहीत. आर्गनवर बसणारे, तबल्याची साथ करणारे, पडदे रंगवणारे, लुगडे नेसून रात्रभर नाचणारे, यांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात. त्यांची नोंद कोठेही नाही. जाहिरातीचे कागद दुसऱ्या दिवशी पुड्या बांधायला जातात.

आज मुसलमानाला विचारले जाते, मराठी संस्कृतीत तुमचे काय? या प्रश्नाला रागाने उत्तर देऊन भागत नाही. नावे, साले आणि कामे समोर ठेवावी लागतात. ती ठेवायची तर आधी जमवली पाहिजेत. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या कलावंतांकडे जा. त्यांचे जुने फोटो, नाटकांचे कागद, वह्या पाहा. वस्तादाचे नाव, भूमिकेचे नाव, गाव आणि साल लिहून घ्या. हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो, सगळ्यांची नावे एकाच वहीत लिहा, कारण ते एकाच मंचावर उभे होते. डब्ल्यू. एम. खान यांचा आवाज आता परत मिळणार नाही. पण आपल्या मोहल्ल्यातला जो आवाज अजून शाबूत आहे, तो टिपून ठेवणे आपल्याच हातात आहे.