झांक्यांची रात्र : गिरण्यांचे इंदूर आणि ऐंशीच्या दशकातली मुले

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. झांकी म्हणजे चाकांच्या गाडीवर उभारलेला, विजेच्या दिव्यांनी उजळलेला हलता देखावा. ही प्रथा १९२०च्या दशकात सुरू झाली आणि तिचा आरंभ हुकुमचंद मिलकडे जातो. सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) यांच्या या गिरणीचे पाहून शहरातल्या इतर गिरण्यांनीही आपापल्या झांक्या काढल्या. महाराष्ट्रात सार्वजनिक गणपती गल्लीचा किंवा पेठेचा असतो. इंदुरात त्याची सर्वांत मोठी मिरवणूक गिरणी कामगारांची झाली, हे या शहराचे वेगळेपण.

त्यामागे होळकर संस्थानाचा औद्योगिक इतिहास आहे. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात इंदुरात सरकारी कापड गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार आणि भंडारी या गिरण्या निघाल्या. परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर या वस्त्यांचा दिवस भोंग्यावर चालू लागला. नंदानगर ही तर कामगारांसाठीच वसवलेली वसाहत. तिचे नाव गुलझारीलाल नंदांवरून पडले. व्ही. व्ही. द्रविड आणि होमी दाजी या दोन वेगळ्या विचारांच्या कामगार नेत्यांचे राजकारण याच वस्त्यांत घडले.

१९८१च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. एका रात्रीत पायी पालथे घालता येईल एवढेच ते शहर होते. त्या दशकात वाढलेल्या मुलांना मिरवणूक पाहायला मिळे ती रात्री, पण झांकीचे आकर्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू होई. गिरणीच्या आवारात सुतार, फिटर, वायरमन कामाला लागत. बांबूच्या सांगाड्यावर पुठ्ठा नि कापड चढे आणि त्यातून कृष्ण, कालिया, कुंभकर्ण उभे राहत. हलत्या देखाव्याचे मर्म साधेच होते. खाली विजेची मोटर, तिला पट्ट्याने जोडलेले चाक आणि चाकाच्या कडेला अडकवलेला दांडा. चाक फिरले की दांडा पुढे-मागे होई आणि वर कालियाचा फणा डोलू लागे. दिवसभर मागावर उभा राहणारा माणूस त्याच हातांनी देव हलवतो, ही गोष्ट कामगारांच्या मुलांना फार अभिमानाची वाटे. कोणाची झांकी पहिली येणार यावर गिरण्यांत चुरस असे आणि तीच चुरस शाळेच्या वर्गांत उतरे.

मिरवणूक चिकमंगळूर चौराहा, जेल रोड, खजुरी बाजार, राजवाडा अशी फिरे. प्रत्येक गिरणीच्या झांकीपुढे आखाडे चालत. लाठी, बनेटी आणि तलवारीचे हात दाखवले जात. जागा धरायला कुटुंबे संध्याकाळीच ओटल्यावर सतरंज्या टाकत. धाकट्याला थोरल्याच्या ताब्यात देऊन मोठी माणसे पुढे सरकत. थोरल्याने हात सोडायचा नाही आणि धाकट्याने झोपायचे नाही, एवढाच नियम. अर्ध्या रात्री कोळशावर भाजलेला भुट्टा मीठ-लिंबू चोळून हातात येई, आणि पहाटे घरी परतताना पोहे-जलेबी. मराठी घरांतही ‘झांकी’, ‘ओटला’, ‘चौराहा’ हे शब्द असेच बोलले जात. इंदुरी मराठीची गोडी या सरमिसळीतच आहे.

त्या मुलांच्या आठवणींत आणखीही प्रसंग आहेत. १ डिसेंबर १९८३ रोजी नेहरू स्टेडियमवर भारत–वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना झाला. १९८४च्या दंगलीत राजवाड्याला आग लागली. जानेवारी १९८८मध्ये इंदुरात क्रिकेट शिकलेल्या नरेंद्र हिरवाणीने मद्रासला पदार्पणाच्याच कसोटीत १६ बळी घेतले. पण हे प्रसंग एकदा घडून गेले. झांक्यांची रात्र दरवर्षी येई. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांनी सीमाभागातले आणि मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीने आणीबाणीतले कुमारवय मराठी साहित्यात आणले. तशीच ऐंशीच्या दशकातल्या इंदुरी मुलांची कादंबरी लिहायची, तर तिची सुरुवात याच रात्रीपासून करावी लागेल.

याच काळात गिरण्यांची अखेर जवळ येत होती. मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या गिरण्या १९७४मध्येच आजारी ठरून राष्ट्रीयीकरणात गेल्या होत्या. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि थकलेली कर्जे यांनी बाकीच्यांनाही घेरले. डिसेंबर १९९१मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली आणि सुमारे सहा हजार कामगार घरी बसले. भोंगा थांबला, पण झांकी थांबली नाही. थकीत पगारासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या कामगारांनीच वर्गणी गोळा करून ती चालू ठेवली. पुढे महापालिका आणि विकास प्राधिकरण यांची मदत मिळू लागली आणि त्यांच्या स्वतःच्या झांक्याही मिरवणुकीत आल्या. बंद गिरणीच्या नावाने देखावा काढणे यात केवळ भक्ती नव्हती. आपण अजून आहोत, हे शहराला सांगणेही होते.

हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी देण्यात आला. तोवर बत्तीस वर्षे उलटली होती आणि अनेक कामगार वारले होते. त्यांचे पैसे वारसांना मिळायचे होते. वडिलांबरोबर झांकी पाहायला गेलेली ऐंशीच्या दशकातली मुले तेव्हा पन्नाशीला आली होती.