दाखल्यावरचं कारण

गेल्या श्रावणात माझा शाळेतला दोस्त गेला. संगमेश्वर तालुक्यातल्या त्याच्या गावी मी तेराव्याला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर त्याच्या मुलीनं पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. परळच्या आमच्या शाळेचा दाखला होता तो. नाव, जन्मतारीख, इयत्ता नववी उत्तीर्ण. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'.

"काका, म्हणजे आजोबांनीच बाबांना शाळेतून काढलं का हो?" तिनं विचारलं.

तिला जे सांगितलं, तेच इथं लिहितो आहे.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, ताडदेवला. पुढं शंभर-सव्वाशे वर्षं परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी हा सगळा भाग भोंग्यावर उठला नि भोंग्यावर झोपला. माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. पण पुरती आली नाहीत. बायको गावी, शेत गावी, म्हातारी माणसं गावी. गडी तेवढा मुंबईला. गावकऱ्यांच्या मंडळाची एखादी खोली असायची. तीत पंधरा-वीस जणांच्या ट्रंका भिंतीला लावलेल्या. पहिल्या पाळीचे कामाला गेले की रातपाळीचे त्याच जागेवर अंथरूण टाकायचे. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबानं.

माझा मित्र लालबागच्या अशाच एका खोलीत वडलांबरोबर राहायचा. आई आणि धाकटी भावंडं गावी. थोरल्याला तरी मुंबईत शिकवायचं म्हणून वडलांनी त्याला पाचवीला आणलं होतं. वडील गिरणीत साच्यावर होते. त्यातही सुरुवातीची काही वर्षं बदली. बदली कामगारानं रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत खोलीवर. पोरगा शाळेत निघायचा तेव्हा वडील परत येताना दिसले की त्याला कळायचं, आजचा खाडा झाला.

खोलीत कायम कुणीतरी झोपलेलं, त्यामुळं दिवा लावायची सोय नाही. तो अभ्यासाला आमच्या चाळीत यायचा. माझे वडील महापालिकेत नोकरीला. दहा बाय बाराची का असेना, आमची स्वतंत्र खोली होती. माझी आई त्याला चहा-चपाती द्यायची. तो तिला मावशी म्हणायचा आणि जाताना कप विसळून ठेवायचा. गणितात वर्गात पहिला. मला बीजगणित त्यानंच शिकवलं. माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणायचा, "तुझं सगळं बरोबर असतं रे, फक्त चिन्ह चुकतं."

आम्ही नववीत असताना, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम करायला हवं होतं. आणखी एक दुखणं कायद्याचं होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागं उभे होते. मालक आणि सरकार सामंतांशी बोलायला तयार नाहीत, नि कामगार दुसऱ्या कुणाचं ऐकायला तयार नाहीत.

पहिले एक-दोन महिने सगळ्यांना वाटायचं, आता मिटेल. मग वाण्याची उधारी थांबली. खानावळवाल्या बायकांनी जमेल तितके दिवस उधारीवर जेवू घातलं. पण त्यांचंही पोट या गड्यांच्याच पैशावर होतं. खोल्यांमधल्या ट्रंका कमी व्हायला लागल्या.

एप्रिलमध्ये आमची वार्षिक परीक्षा झाली. मे महिन्यात तो गावी गेला. सुट्टीत सगळेच गावी जायचे, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. तो एकटाच नव्हता. वर्गात आणखीही बाक रिकामे होते. सरांनी पहिला आठवडाभर त्यांची नावं पुकारली. मग सोडून दिली.

गणपतीनंतर त्याचं आंतर्देशीय पत्र आलं. बारीक अक्षरात, घडीच्या कडेपर्यंत लिहिलेलं. भातलावणी झाली, आई बरी आहे, संप मिटला की येतो. आणि शेवटी : 'नाहीच जमलं तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसेन. तुझी परीक्षा झाली की पुस्तकं पाठव. गणिताचं आधी पाठव.'

मार्चमध्ये माझी परीक्षा झाली. मी पुस्तकं अर्ध्या किमतीला विकली आणि त्या पैशांत मित्रांबरोबर सिनेमे पाहिले. पत्राला उत्तर दिलं नाही. आधी राहून गेलं, मग लाज वाटली म्हणून राहिलं.

संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो विरत गेला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चिमण्या पडल्या, त्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. त्याचे वडील परत कामावर गेले नाहीत.

२०१२ च्या सुमाराला गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज भरले जात होते, तेव्हा तो मुंबईला आला. १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामगार गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा लागायचा. वडील वारले होते, पण त्यांनी गिरणीचा पास प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. तीस वर्षांनी आम्ही भेटलो. तो हसून म्हणाला, "बाप कापडाच्या गिरणीत, मी पिठाच्या. गिरणी काय सुटली नाय बघ." गावात त्याची पिठाची चक्की होती. पुस्तकांचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही काढला. घराच्या सोडतीत नाव लागलं नाही, तरी दर गणपतीत त्याचा फोन यायचा, तांदूळ पाठवू का म्हणून.

त्याच्या मुलीला मी म्हटलं, "आजोबांनी काढलं नाही गं. त्यांनी तर ह्यालाच तेवढं शिकायला आणलं होतं. संपानं काढलं. तसं लिहायला दाखल्यावर रकाना नसतो." मग तिला पत्राचंही सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

ती बराच वेळ दाखल्याकडं बघत राहिली. मग तो नीट घडी घालून तिनं पेटीत ठेवला. "चहा गार झाला तुमचा," म्हणाली, आणि दुसरा करायला आत गेली.