जळू, गांडूळ आणि एका नावाची गोष्ट

आजचा विषय आपल्या वसईच्या वाडीतलाच. गांडूळ, आणि त्याची चुलत बहीण जळू.

दहावीच्या पुस्तकातला 'वलयी प्राणी' संघ आठवतो? अंगभर कड्यांसारखी वलयं. पण हा गट ठरायला खूप काळ गेला. सुश्रुतसंहितेत जळवांचे बारा प्रकार सांगितलेत. सहा विषारी, सहा बिनविषारी. कारण साधं होतं, रक्त काढायला कुठली जळू लावायची हे वैद्याला कळायला हवं.

युरोपात लिनियसने १७५८ मध्ये गांडूळ, गोगलगाय, जेलीफिश, सगळ्यांना 'वर्मीस' या एकाच गटात टाकलं. आम्ही इंजिनिअर नाही का, जे कुठेच बसत नाही ते 'मिसलेनियस' फोल्डरमध्ये टाकतो, तसंच! १८०२ मध्ये लामार्कने वलयवाल्यांना वेगळं नाव दिलं. आणि आता डीएनए सांगतो, जळू गांडुळांच्याच घराण्यातून निघाली.

डार्विनचा प्रश्न वेगळा होता. हा प्राणी करतो काय? १८८१ च्या पुस्तकात त्याने हिशोब मांडला. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी गांडुळं एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त माती वर आणतात.

आता वसईकडे बघा. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसोबत लोक 'हरित वसई'साठी रस्त्यावर उतरले, ते वाड्या आणि विहिरी वाचवायला. केळीच्या वाडीवर भराव पडला की हे मातीखालचं कामही बंद पडतं. मग पुस्तकात नाव कितीही अचूक असो, वाडीला त्याचा काय उपयोग?

पावसात अंगणात गांडूळ दिसलं, तर उचलून कुंडीत सोडा. भेटू पुढच्या भागात!