मिठागरातल्या जिवाचा नकाशा

उन्हाळा चढला की उरण-पेणच्या मिठागरांत वाफ्यातलं पाणी आटतं, दाट होतं आणि त्याला लालसर झाक येते. जगभरच्या मिठागरांत अशी झाक येण्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा असतो. पूर्वी त्यांना जिवाणूच समजत. १९७७मध्ये कार्ल वूस यांनी त्यांच्यासारख्या जिवांची शाखा वेगळी दाखवली. त्या शाखेला आज आर्किया म्हणतात. यांपैकी हॅलोबॅक्टेरियम या जिवाने डीएनएचा नकाशा काढण्याच्या विद्येची चांगलीच कसोटी पाहिली.

या विद्येचं मूळ १९७०मधलं. डीएनएवर ठरावीक अक्षरक्रम दिसला की तिथेच कापणारं विकर हॅमिल्टन स्मिथ यांना सापडलं. त्या विकराने डॅनियल नॅथन्स यांनी १९७१मध्ये विषाणूचा डीएनए कापला आणि पुढे तुकड्यांची लांबी मोजून ते क्रमाने मांडले. एकही अक्षर न वाचता नकाशा तयार झाला! वर्नर आर्बर यांच्यासह दोघांना १९७८चं नोबेल मिळालं. मात्र जिवाणूचा डीएनए विषाणूच्या शेकडो पट लांब. तुकडे लांबीनुसार वेगळे करायला ते विजेने जेलमधून सरकवतात, पण त्याचे मोठे तुकडे नेहमीच्या पद्धतीने वेगळे होत नसत. १९८४मध्ये डेव्हिड श्वार्त्झ आणि चार्ल्स कँटर यांनी विजेची दिशा आलटूनपालटून बदलली आणि ही अडचण दूर केली.

इकडे एमआयटीत हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेत शिलादित्य दाससर्मा हॅलोबॅक्टेरियमचा अभ्यास करत होते. हा जीव समुद्राच्या सहा-सात पट खारट पाण्यात सुखाने वाढतो. पेशीत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, म्हणून त्याच्या वसाहती दुधट गुलाबी दिसतात. पण शंभरात एखादी लाल, पारदर्शक निघते. तिच्या पिशव्या गेलेल्या असतात. इतक्या झटपट बदल कसा होतो? १९८३मध्ये दाससर्मा, राजभंडारी आणि खुराना यांनी याच जिवाच्या जांभळ्या प्रथिनाचं जनुक तपासलं. डीएनएचे काही छोटे तुकडे जागा बदलून जनुकात घुसतात आणि ते बंद पाडतात, असं दिसलं. पुढे पिशव्यांच्या जनुकांतही हाच प्रकार आढळला.

डीएनए वाचणाऱ्यांचं कोडं नेमकं इथेच होतं. तेव्हाचं यंत्र एका वेळी काहीशे अक्षरं वाचत असे आणि सारखी टोकं पाहून तुकडे जुळवले जात. अभंगांची वही फाडून पुन्हा लावायची म्हटली, तर दर कडव्यानंतर येणारं ध्रुवपद कोणत्या कडव्यापुढचं हे चिठोऱ्यांवरून कळत नाही. उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या प्रती असंच चकवतात. शिवाय पीएनआरसी१०० या छोट्या डीएनए-चक्राचा एक भाग दोन्ही दिशांनी बसलेला आढळतो, म्हणजे एकाच जिवात दोन मांडण्या. १९९१मध्ये विकरांच्या नकाशातून ते कळलं, तर चक्राची १,९१,३४६ अक्षरं १९९८मध्ये वाचून झाली.

२०००मध्ये दाससर्मा आणि लेरॉय हूड यांच्या चमूने एनआरसी-१ या वाणाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. एकूण २५,७१,०१० अक्षरं, तीन चक्रं आणि उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या ९१ प्रती. दोन छोट्या चक्रांत १,४५,४२८ अक्षरांचा पट्टा तंतोतंत सारखा निघाला. नुसत्या तुकड्यांवरून दोन चक्रांचं एकच झालं असतं. चक्रं किती आणि केवढी, हे नकाशाच सांगतो.

श्वार्त्झ यांनी १९९३मध्ये पुढचं पाऊल टाकलं. डीएनएचा एकेक रेणू ताणून त्यावरचे काप सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, हे ऑप्टिकल मॅपिंग. क्रम डोळ्यांसमोर राहतो, तुकडे पुन्हा लावत बसावं लागत नाही. लांबलचक वाचनाची यंत्रं आल्यावरही जुळणी बरोबर आहे का, हे पडताळायला वाचनापासून स्वतंत्र असा पुरावा लागतोच.

रायगडच्या किनाऱ्यावर मिठागरं बंदर, रस्ते आणि शहरांच्या भरावाखाली जात आहेत. त्यांच्या पाण्यातल्या जिवांचे वाण आत्ताच जतन करायला हवेत, आणि त्यांचा डीएनए वाचताना नकाशाही काढायला हवा. नुसत्या अक्षरांच्या राशीवरून त्या डीएनएची खरी मांडणी कळणार नाही.