बुल्गारचा शिंपी, कुलाब्याच्या नोंदी आणि पितृपक्षातली सहल

हिजरी सन 310 चा मोहरम, म्हणजे इसवी सन 922 चा मे महिना. बगदादच्या अब्बासी खलिफा मुक्तदिरने पाठवलेले एक शिष्टमंडळ जवळजवळ अकरा महिन्यांच्या प्रवासानंतर व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांच्या मुलखात पोहोचले. आजच्या नकाशावर हा भाग रशियातल्या तातारस्तानात, कझान शहराच्या दक्षिणेला येतो. तिथला राजा अलमिश याने इस्लाम स्वीकारला होता. दीन शिकवणारी माणसे, मशीद, मिंबर आणि किल्ला बांधायला पैसे, अशी त्याची मागणी होती. खलिफाचे पत्र वाचून दाखवायचे आणि सोबतच्या आलिमांवर देखरेख करायची, हे काम अहमद इब्न फदलानकडे होते. किल्ल्यासाठीचे चार हजार दिनार काही पोहोचले नाहीत, आणि राजाने त्याचा सगळा राग याच बिचाऱ्यावर काढला. सरकारी कामावर गेलेल्या कुठल्याही माणसाला हे ओळखीचे वाटेल.

पण मला सांगायचे आहे ते त्या मुक्कामातल्या पहिल्या रात्रीबद्दल. सूर्य मावळण्याच्या सुमारास क्षितिज लालबुंद झाले. वर पाहतो तर आगीसारखा लाल ढग, त्यात माणसांचे आणि घोड्यांचे आकार, हातात भाले-तलवारी. समोरून तसाच दुसरा ढग आला, दोन्ही एकमेकांत मिसळले, वेगळे झाले, पुन्हा मिसळले. रात्रीचा बराच भाग हे चालले. इब्न फदलान आणि सोबतचे लोक घाबरून दुआ मागू लागले, तर गावातले लोक त्यांना हसू लागले. राजाला विचारले तेव्हा तो म्हणाला की हे ईमानवाले जिन आणि काफिर जिन लढतात. आमच्या पूर्वजांनी असेच सांगितले आहे आणि हे रोजचेच आहे.

अभ्यासक या वर्णनाला उत्तरेच्या ध्रुवीय प्रकाशाचे, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सचे, अरबी भाषेतले फार जुने प्रत्यक्षदर्शी वर्णन मानतात. मला त्यात आवडते ते हे की इब्न फदलानने स्वतःची भीती लपवली नाही आणि गावकऱ्यांचे हसणेही गाळले नाही. राजाचे स्पष्टीकरण त्याने राजाच्या नावावरच ठेवले. इतिहास शिकवताना मुलांना मी हेच सांगतो: काय दिसले ते एका ओळीत, लोक काय म्हणाले ते दुसऱ्या ओळीत.

त्या मुक्कामातला दुसरा प्रसंग तर आपल्या घरातला वाटावा असा आहे. राजाकडे मूळचा बगदादचा एक शिंपी होता. परमुलखात गाववाला भेटला की काय होते ते सांगायला नको. दोघे इब्न फदलानच्या तंबूत इशाच्या अजानची वाट बघत गप्पा मारत बसले. अजान झाली, बाहेर येऊन पाहतात तो पहाट फुटलेली. मुअज्जिनला विचारले, ही कोणती अजान? तो म्हणाला, फजरची. मग इशाचे काय? इशा आम्ही मगरिबबरोबरच पढतो. आणि रात्र? रात्र ही एवढीच, याहूनही लहान असते. फजर चुकेल या भीतीने महिनाभर मी झोपलेलो नाही, असे त्या मुअज्जिनने सांगितले. बगदादच्या आकाशावर बेतलेले नमाजचे वेळापत्रक तिथे पुरे पडत नव्हते, आणि त्या गावच्या साध्या मुअज्जिनने आपल्यापुरता मार्ग काढला होता.

हे सगळे मी पुन्हा वाचायला घेतले त्याला कारण आहे. आमच्या परभणीतली चार माणसे उत्तरेचा प्रकाश कॅमेऱ्यात पकडायला जायचे ठरवत आहेत. दोघे लग्नाचे शूटिंग करतात, एकाचे मेडिकलचे दुकान आहे, आणि एक माझा जुना विद्यार्थी, जो ड्रोन चालवतो. नॉर्वेतले ट्रोम्सो हे गाव त्यांच्या डोक्यात आहे. मोठ्या टूर कंपनीच्या चाळीस जणांच्या बसमध्ये फोटो होत नाही, म्हणून चौघेच जायचे, असा बेत आहे. माझ्याकडे ते नमाजच्या वेळा विचारायला आले, पण त्यांच्या मनात दुसराच प्रश्न होता. घरातले एक बुजुर्ग म्हणाले होते की ही गोऱ्यांची हौस आहे, आपले काय काम तिथे, त्या पैशात उमरा होईल. आणि बाजारातल्या एका मित्राने चेष्टेत विचारले होते, तुमच्यात असले चालते का? दोन्हीकडून सूर एकच होता: आकाश बघणे हे तुमचे काम नाही.

बुजुर्गांचे पैशाचे म्हणणे मी उडवून लावत नाही. ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे त्याने आधी हज करावा, आणि कर्ज काढून हौस करू नये. एवढे झाले की बाकी माणसाच्या कमाईचा प्रश्न आहे. पण ‘आपले काय काम’ हे मला मान्य नाही. हजार वर्षांपूर्वी आपलाच एक कारकून-मौलवी तिथे उभा राहून पाहत होता. खर्चाचा हिशेब करणारेही आपल्यात होते. चौदाव्या शतकातला इब्न बतूता लिहितो की बुल्गारच्या पलीकडे चाळीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या अंधाराच्या मुलखात जायचा त्याचा विचार होता, पण त्रास फार आणि फायदा थोडा म्हणून त्याने तो सोडला. खुद्द बुल्गारलाही तो गेला होता की नाही, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. म्हणजे सहलीच्या गप्पा मारून न जाणारेही त्या काळापासून आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. या चौघांना कुणीतरी मोबाइलवर पाठवले होते की ध्रुवीय प्रकाश कुराणात आधीच सांगितलेला आहे. असले फॉरवर्ड पुढे ढकलू नका. कुराण आकाशाकडे पाहा, विचार करा असे सांगते. ते भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही. पैगंबरांचे (स.) लहान पुत्र इब्राहिम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणाले, शोकामुळे सूर्य झाकोळला. तेव्हा पैगंबरांनी स्वतः सांगितले की सूर्य-चंद्राला ग्रहण कुणाच्या मरण्या-जगण्यामुळे लागत नाही. ही हदीस ज्याला माहीत आहे, त्याला आकाशातल्या चमत्काराच्या कहाण्यांची गरज पडू नये.

आता आपल्या आकाशाकडे येऊ. उत्तरेचा प्रकाश ही बर्फाच्या देशातलीच गोष्ट, असे आपण धरून चालतो. 4 फेब्रुवारी 1872, रविवार. त्या संध्याकाळी मुंबईहून हा प्रकाश अंधुकसा दिसल्याची बातमी दोन दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेशही त्या वेळी काही तास विस्कळीत झाले होते. मुंबईचा अक्षांश साधारण 19 अंश, आणि आपली परभणीही जवळपास त्याच रेषेवर आहे. हा प्रकाश सूर्यावरून आलेले विद्युतभारित कण आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या झटापटीतून तयार होतो. वादळ फार मोठे असले की तो ध्रुवाकडून खाली सरकतो. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशे किलोमीटरच्या वरचा लाल. लांबून पाहणाऱ्याला क्षितिजावर फक्त सगळ्यात वरचा भाग दिसतो, म्हणून दक्षिणेकडे दिसणारा प्रकाश बहुधा लाल असतो.

याहून मोठी नोंद आपल्याकडे आहे, आणि तिच्यात प्रकाश नाहीच, फक्त आकडे आहेत. 1826 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, केरोनाना छत्रे तरुणपणी तिथे होते. एरवी दर तासाला नोंद घ्यायची, आणि वादळ सुरू झाले की पंधरा किंवा पाच मिनिटांनी, अशी तिथली शिस्त होती. सप्टेंबर 1859 च्या सुरुवातीला इतिहासातले सर्वात गाजलेले सौर वादळ आले. त्याचा जोर झाला तेव्हा मुंबईत दिवस होता, त्यामुळे आकाशात दिसण्यासारखे काही नव्हते. पण कुलाब्याच्या वहीत सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण लिहिली गेली. जगभरच्या शास्त्रज्ञांना आज त्या वादळाची ताकद मोजायला हीच नोंद उपयोगी पडते. ज्याने ते आकडे पाच-पाच मिनिटांनी लिहिले त्याला हे काय चालले आहे याचा पत्ता नव्हता. इब्न फदलानलाही नव्हता. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी उपकरणे बिघडणार, म्हणून हे काम 1904 पासून अलिबागला नेले आणि ते आजही तिथे चालू आहे. शाळेची सहल अलिबागला जाते ती किल्ला आणि समुद्र बघून परत येते, याचे मला वाईट वाटते.

आकाशाचे फोटो काढायला लहान गट करून जाणे हेही आपल्या भागाला नवे नाही. 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गपासून विदर्भापर्यंत तिरपे गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. पुण्याचे कावसजी दादाभाई नायगाववाला यांचाही तळ जेऊरलाच होता. पुलगावजवळच्या तळणीला अ‍ॅनी माँडर यांनी एका छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा लांबच लांब झोत टिपला. मुंबई-पुण्याकडे तेव्हा प्लेगचे दिवस होते. एवढा खटाटोप होता तो दोन मिनिटांच्या अंधारासाठी. नकाशावर जेऊर आणि पुलगाव यांना पट्टी लावून रेघ ओढा. ती परभणी आणि जिंतूरच्या मधून जाते. म्हणजे त्या दुपारी चंद्राची सावली निजामाच्या राज्यातल्या आपल्या जिल्ह्यावरूनही गेली. वर्गात ही रेघ ओढायला लावली की मुले पहिल्यांदा शांत होतात आणि मग एकदम बोलू लागतात.

म्हणून मी या चौघांना म्हटले, आधी लडाखमधले हानले बघा. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तिथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, आणि 2022 च्या अखेरीस तो परिसर राखीव ‘डार्क स्काय’ क्षेत्र म्हणून जाहीर झाला. 10-11 मे 2024 च्या रात्री तिथल्या कॅमेऱ्यांनी लाल प्रकाश टिपला, ऑक्टोबर 2024 मध्ये पुन्हा. अर्थात तो हुकमी दिसत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो. कॅमेऱ्याची काच दहा-वीस सेकंद उघडी ठेवली की रंग येतो. पण आकाशगंगा तरी नक्की मिळेल, आणि थंडीत साहित्य कसे वागते ते कळेल. बॅटरी थंडीत झटकन उतरते, ती जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावी लागते. बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा बंद पिशवीत नाही घातला तर काचेवर पाणी धरते. इब्न फदलान ख्वारज्ममध्ये हम्मामातून घरी आला तेव्हा त्याच्या दाढीचा बर्फाचा गोळा झाला होता, शेकोटीजवळ वितळवावा लागला. कपडे तर इतके चढवले होते की उंटावर हलता येईना.

खरी अडचण निघाली तारखांची. प्रकाशाचा हंगाम सप्टेंबर ते मार्च, आणि लग्नसराईही नेमकी त्यातच. डिसेंबरमध्ये गेले तर शूटिंगवाल्यांचे वर्षाचे उत्पन्न बुडते. शिवाय ट्रोम्सोत नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. मग जोहर कधीची धरायची? तिथल्या मुसलमानांनी अशा दिवसांसाठी मक्केच्या वेळा पाळण्याचा मार्ग स्वीकारला आहे. त्याला आधार आहे: एक दिवस वर्षाएवढा झाला तर नमाजचे काय, असे सहाबांनी विचारले असता अंदाजाने वेळ ठरवा, असे पैगंबरांनी (स.) सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. रमजानमध्ये आपल्याकडची लग्ने बंद असतात, आणि 2027 चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. पण घरचे म्हणाले, रमजानमध्ये बाहेर आणि ईद तोंडावर, जमणार नाही. मीही त्यांच्याच बाजूचा.

मग मी पंचांग काढले. पितृपक्षात हिंदूंची लग्ने नाहीत, चातुर्मास तर आधीपासूनच चालू असतो. तो बहुधा सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला, आणि चुंबकीय वादळे या दिवसांत थोडी जास्त होतात. कृष्णपक्ष असल्याने अमावास्येकडे चंद्राचा उजेडही नाही. ट्रोम्सोत तेव्हा पाचही वक्त आपापल्या जागी असतात, बुल्गारच्या मुअज्जिनसारखे जागायला नको. हानलेला जायलाही हाच काळ बरा.

व्हिसासाठी मात्र बँकेचे स्टेटमेंट आणि आयकर विवरण लागते, आणि लग्नाच्या शूटिंगचा पैसा येतो रोखीत. दोघांनी यंदापासून बयाणा ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली आहे.