प्रतिभा आणि अभ्यास : शाहीर रामजोशी

कलेतले कौशल्य उपजत असते की शिकून येते, या वादात मराठी वाङ्मयातून एकच साक्षीदार बोलवायचा झाला तर तो सोलापूरचे रामजोशी. उत्तर पेशवाईतल्या या शाहिराचा जन्म सोलापुरात, पुराण-ज्योतिषाची परंपरा असलेल्या ब्राह्मण घराण्यात झाला. थोरले बंधू मुद्गल पुराण सांगत. धाकट्याचा ओढा मात्र धोंडी शाहिराच्या तमाशाच्या फडाकडे. कोणी न शिकवता कवने सुचू लागली, हे त्यांचे उपजत देणे. घरी ते खपले नाही आणि त्यांना घर सोडावे लागले.

पुढचा टप्पा निर्णायक. रामजोशी पंढरपुरास गेले, तेथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि परतल्यावर कीर्तने केली. त्यांची ओढ लावणीवरून हटली नाही. पण आता तिच्यात सामासिक शब्द, यमक-अनुप्रासांची दाट गुंफण आणि पुराणांचे संदर्भ आले. मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनांतून लोकांपर्यंत पोहोचवल्या. फडातली लय आणि पाठशाळेतले पाठांतर एकाच कवनात नांदावे, हे केवळ उपजत बुद्धीने साधले असते असे वाटत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात हा प्रश्न जुनाच आहे. प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि परिश्रम यांनी सरस्वती काही ना काही अनुग्रह करतेच, असा दिलासा दंडी देतो. अकराव्या शतकातला मम्मट शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू मानतो. सतराव्या शतकातला जगन्नाथ पंडित मात्र केवळ प्रतिभेला कारण ठरवतो. पण ती व्युत्पत्ती आणि अभ्यासातूनही उपजू शकते, हेही मान्य करतो. रामजोशींच्या बाबतीत मम्मटाचे म्हणणे अधिक पटते.

हाच प्रश्न आधुनिक मानसशास्त्रातही आला. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासावरून हेतुपूर्वक सरावाला प्राधान्य दिले. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात संगीतातील कौशल्याच्या तफावतीपैकी सुमारे २१ टक्के आणि खेळांत १८ टक्के तफावत अशा सरावाशी निगडित आढळली.

सराव आणि शिक्षण लागते हे खरे; पण शिक्षण म्हणजे फक्त पाठशाळा, असा निष्कर्ष मात्र काढू नये. रामजोशींचे समकालीन होनाजी गवळी, सगनभाऊ शिकलगार, परशराम शिंपी. शास्त्रीबुवांची शिकवणी त्यांच्या वाट्याला कोठून येणार? त्यांची शाळा फडातच भरत असे. झीलकऱ्याने मागे उभे राहून सूर धरायचा, ढोलकी-तुणतुण्याचा ठेका अंगात मुरवायचा आणि सवाल-जवाबात प्रतिस्पर्ध्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. होनाजी कवने रचत आणि त्यांचा जोडीदार बाळा गोड गळ्याने ती गात असे. एकाची बुद्धी, दुसऱ्याचा गळा असा हा मेळ होता.